उजव्या पायावरची नणंद

रुखमाबाई आणि तिची भावजय पंचफुला एका घरात राहत होत्या, एका चुलीवरचं खात होत्या आणि दीड वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आता न बोलणं म्हणजे गप्प बसणं, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं त्या घरी एक दिवस मुक्काम करायला हवा होता. भाजीत मीठ जास्त पडलं की रुखमाबाई गोठ्याकडे तोंड करून म्हशीला म्हणायची, "काय व चंद्रे, आजकाल मिठाची पोती उसवली वाटते आपल्या घरात!" लगेच पंचफुला जात्याला सांगायची, "ज्याले खारट लागते त्यानं सोताच्या हातानं रांधावं बाप्पा." म्हैस आणि जातं, दोघंही स्वभावानं गरीब. ऐकून घ्यायची.

डोमाजी हा रुखमाबाईचा धाकटा भाऊ आणि पंचफुलेचा नवरा. तो या सगळ्यात मूग गिळून बसायचा. बायकोची बाजू घ्यावी तर बहिणीनं त्याला लहानाचं मोठं केलेलं, बहिणीची घ्यावी तर रात्रीचं जेवण करपायचं. त्यानं बोलणंच कमी करून टाकलं होतं. दहा शब्द ऐकले तर दोन पुढे सांगायचे आणि आठ गिळायचे, असा त्याचा हिशेब.

भांडणाचं मूळ होतं पंचफुलेच्या पोरीचं बारसं. पोरीचं नाव ठेवायचा मान आत्याचा, हे दिग्रसपासून झरी जामणीपर्यंत कोणालाही विचारा. रुखमाबाई ऐन जवानीत विधवा होऊन भावाकडे आलेली, पोटी लेकरू नाही. तिनं नऊ महिने मनाशी ‘कौसल्या’ हे नाव घोळवलं होतं. बारशाच्या दिवशी ती घुगऱ्यांचं टोपलं आणायला आत गेली, तेवढ्यात पंचफुलेची आई जमनाबाई, जी कळंबहून खास आलेली, पाळण्यात वाकली आणि पोरीच्या कानात ‘पुष्पलता’ म्हणून मोकळी झाली. रुखमाबाई टोपलं घेऊन बाहेर आली तोवर बायांचं ‘कुर्रर्र’ करून झालंही होतं. पंचफुलेनं आईला थांबवलं नाही. झालं, त्या दिवसापासून तोंडाला कुलूप.

त्रेसष्ट साल उजाडलं आणि पौषातल्या एका रविवारी त्यांच्या वावरात रोडग्यांचा बेत निघाला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, आणि मोठ्या गंजात वरण. साठ माणसांचा स्वयंपाक. सकाळी निघताना पंचफुलेनं पायात तोरड्या घातल्या आणि अंगणात छुमछुम करत फिरली. रुखमाबाई रांजणाजवळ उभी होती. ती रांजणाला म्हणाली, "जळो मेले ते पाय! लय वाजून राह्यले सकाळपासून." रांजणाशिवाय कोणी ऐकलं नाही.

आणि दुपारी वावरात चुलीचा एक दगड सरकला, वरणाचा गंज कलंडला, आणि उकळतं वरण पंचफुलेच्या दोन्ही पायांवर सांडलं. तेलाची फोडणी दिलेलं दाट वरण ते, लुगड्यात भिजून अंगाला चिकटून बसलं. पहिली धावली ती रुखमाबाईच. तिनं लुगडं टराटरा फाडलं, मोटेच्या पाण्याची घागर ओतली, पुन्हा ओतली. कोणी म्हणालं शेण लावा, कोणी म्हणालं शाई लावा, तर ती वाघिणीसारखी अंगावर गेली. तिच्या डोक्यात मात्र एकच वाक्य घुमत होतं, सकाळी रांजणाला सांगितलेलं.

बैलगाडीनं दिग्रस, तिथून कापसाच्या मोटारीत यवतमाळ. तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात हिरासिंग नावाचे डॉक्टर होते. दिग्रसकडच्याच एका तांड्यावरचे, नागपुरात शिकलेले, उंचेपुरे, आणि आवाज असा की वार्डाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाच्या पेशंटला वाटावं आपल्यालाच रागावतात. त्यांनी पंचफुलेचा जीव तर वाचवला. पण तीन आठवड्यांनी जळालेलं कातडं निघून गेलं तेव्हा दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत उघडे पडले. उघड्या मांसातून रात्रंदिवस पाणी झिरपायचं, आणि पंचफुला दिवसेंदिवस वाळत चालली.

डॉक्टरांनी डोमाजीला व्हरांड्यात नेलं आणि चांगलं पाव घंटा समजावलं. डोमाजी मान डोलवत राहिला. आत आला आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणते, कोणाचं तरी कातडं पाहिजे." बस्स. वर एक शब्द नाही.

"माझं घ्या!" रुखमाबाई उठून उभी राहिली. तिला कापण्याची भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या सकाळचं वाक्य तिच्या छातीवर बसलं होतं, आणि ते उतरवायला दुसरी वाट दिसत नव्हती.

"तुमचं काहून?" जमनाबाई पदर खोचून पुढे आली. ती लेकीची खबर ऐकल्यापासून, नातीला कळंबला सुनेकडे ठेवून, वार्डातच तळ ठोकून होती. "माय जित्ती असतांनी नणंदेचं कायले? मायचं नाई लागन तं कोणाचं लागन?"

"इहीनबाई, तुमी बारशात पुढं झाल्या. अठी नाई."

डॉक्टरांनी दोघींच्या मध्ये हात घातला. "भांडू नका! पाय दोन आहेत. उजव्याला हिचं लावतो, डाव्याला तुमचं. झालं समाधान?"

दोघींच्या मांड्यांवरून कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ कातडं काढलं आणि पंचफुलेच्या पायांवर बसवलं. पाचव्या दिवशी सत्यशीला नर्सनं पट्ट्या सोडल्या, तर काय, दोन्ही पाय गुलाबी! कातडं बसलं होतं. वार्डातल्या बाया बघायला गोळा झाल्या. कोणी तरी म्हणालं, "डाव्या पायावर माय, उजव्या पायावर नणंद!" आणि तेच नाव पडलं. सत्यशीलाही पट्टी बदलताना विचारायची, "काय पंचफुलाबाई, नणंद कशी आहे आज?" पंचफुला हसायची, पण रुखमाबाईशी बोलायची नाही. रुखमाबाईही खाटेशेजारच्या तांब्याला सांगायची, "दूध पिऊन घे म्हणा कोणी तिले, माझं कातडं उपाशी ठेवू नको." रुखमाबाईला त्या आठवड्यात रांजण आठवला नाही. भूकही चांगली लागायला लागली.

अकराव्या दिवशी उजवा पाय सुजला. कातडं आधी लाल झालं, मग काळसर, आणि कडा सुटायला लागल्या. डावा पाय मात्र जसाच्या तसा, गुलाबी.

जमनाबाईनं काही बोलायची गरज नव्हती, तरी ती बोललीच. "शेवटी रक्ताचं ते रक्ताचं. उसनं कातडं काय कामाचं?" आणि पलीकडच्या खाटेवरची एक म्हातारी, जिचा या घराशी काडीचा संबंध नव्हता, ती म्हणाली, "मनातून देल्लं नसन माय. ज्याच्या मनात खोट, त्याचं अंगाले लागत नाई." सगळ्या वार्डानं मान हलवली. गावाहून भेटायला आलेल्या शेजारणीनं ते ऐकलं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं गावात नेलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर दुसरा विषय नव्हता.

रुखमाबाईच्या कानावर ते आलंच. लोक बोलतात याचं तिला दुःख नव्हतं, ती स्वतःही तेच समजत होती. लोकांना तर नुसता संशय होता, तिला रांजणापाशी म्हटलेलं वाक्य पाठ होतं. दवाखान्याच्या मागे चादरी वाळत घालायची जागा होती, तिथं जाऊन ती दगडावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. आपल्या रागानं आधी तिचे पाय जाळले आणि आता आपलं कातडंही तिला लागू देत नाही, आपण बाई आहोत की कोण आहोत, असं तिला झालं. डबा आला तो तसाच परत गेला.

दुपारी ती डॉक्टरांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू काय?"

"विचार."

"माह्या कातड्यात राग होता. ते काढून, धुवून पुन्हा लावता येते काय? साबनानं म्हणा, त्या वासाच्या दवाईनं म्हणा..."

हिरासिंग डॉक्टर मोठ्यानं हसणार होते, पण तिचे डोळे बघून थांबले. मग तिनं सगळं सांगितलं. म्हैस, जातं, घुगऱ्यांचं टोपलं, तोरड्या, रांजण, काही ठेवलं नाही. डॉक्टर ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर म्हणाले, "इकडं ये. तुला दाखवतो."

टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. पंचफुलेच्या पायावरून सुटलेल्या कातड्याचा एक बारीक काप त्यांनी सकाळीच रंग लावून काचेवर ठेवला होता. रुखमाबाईनं एक डोळा मिटायचा तर दोन्ही मिटले. मग एका डोळ्यावर हात ठेवून वाकली.

"काय दिसते?"

"जांभये जांभये ठिपके. लय आहेत. बाप्पा, किती जमले हे!"

"त्या पांढऱ्या पेशी. रक्तात फिरतात. त्यांचं काम एकच. अंगात जे आहे ते आपलं का परकं, हे ओळखायचं. परकं दिसलं की बोलावणं जाते, सगळ्या जमा होतात आणि त्याला हाकलून लावतात. रोगाचे जंतू आले तर याच वाचवतात आपल्याला. पण कातडं आलं तरी त्यांना ते परकंच. कोणी मायेनं दिलं का रागानं दिलं, ते त्यांना कळत नाही."

रुखमाबाई पुन्हा वाकली. बराच वेळ बघत राहिली. "यातला राग कोणता?"

"यात राग नसते, बाई."

"अन् हे ठिपके, हे माह्यातले का तिच्यातले?"

"तिच्यातले. तिच्या रक्तातून आलेले."

इथं डॉक्टर चुकले. खरं सांगायला नको होतं असं नाही, पण कोणाला सांगतो हे बघायला हवं होतं. रुखमाबाई सरळ उभी राहिली. चेहऱ्यावरचं रडं कुठल्या कुठं गेलं. "म्हणजे मी देल्लं ते बरोबर होतं. हाकललं तिनं!"

"अगं, तिनं नाही, तिच्या पेशींनी..."

"पेशी कोनाच्या? तिच्याच ना!"

डॉक्टर मागे धावेपर्यंत ती वार्डात पोचली होती. खाटेसमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवला, आणि म्हैस नाही, जातं नाही, तांब्या नाही, दीड वर्षानंतर पहिल्यांदा सरळ पंचफुलेच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काहून व पंचफुले, माझं कातडं काहून हाकललं तू?"

वार्डातल्या सगळ्यांनी कान टवकारले. सत्यशीलेच्या हातातलं थर्मामीटर तसंच राहिलं.

पंचफुला आधी घाबरली. मग तिचाही पारा चढला. "मी कायले हाकलू? मी तं पायही हालवला नाई अकरा दिवस!"

"मी पाह्यलं सोताच्या डोयानं! तुह्या रक्तातले शिपाई माह्या कातड्यावर तुटून पडले, जांभये जांभये! मायचं ठेवलं अन् माझं तेवढं फेकलं!"

"आक्का!" पंचफुला ओरडली आणि एकदम तिला हुंदका फुटला. "खरं हाय. मीच हाकललं असन."

आता थक्क व्हायची पाळी रुखमाबाईची.

"पट्टी बांधली त्या दिवशी मी मनात म्हतलं," पंचफुला रडत रडत सांगू लागली, "का घरात काय कमी होतं, आता जल्मभर नणंदेले पायावर वागवा लागन. चालतांनी, बसतांनी, सारखी आपली आक्का! मग दोन-तीन दिवसांनी कातडं बसलं, अन् मले बरं वाटाले लागलं, तं मी मनातल्या मनात माफीही मांगतली. पण उशीर झाला असन. तोवर त्यायनं ऐकलं असन माझं."

"अव बाई," रुखमाबाई धपकन खाटेच्या कडेवर बसली. "तू मनात म्हतलं. मी तं तोंडानं म्हतलं होतं." आणि तिनं रांजणाजवळचं वाक्य सांगून टाकलं. पंचफुलेनं पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, "तोरड्या खरंच लय वाजत होत्या, आक्का. मी मुद्दाम वाजवत होती."

यावर दोघी इतक्या रडल्या आणि मधेच इतक्या हसल्या, की पलीकडच्या म्हातारीला यात दुःख आहे का आनंद, ते काही ठरवता येईना. डॉक्टर दारात उभे राहून कपाळावर हात मारत होते. "अरे, तुमच्या दोघींच्या मनाचा यात काही संबंध नाही! दोन दिवस थांबा फक्त. दोन दिवस!"

जमनाबाई मात्र थांबणाऱ्यातली नव्हती. तिला डाव्या पायाचा भारी अभिमान झाला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला चादर वर करून दाखवायची, "पाहा, कसं चिकटलं! माय ते माय." वार्डबॉयला दाखवलं, डबेवाल्याला दाखवलं, रविवारी भेटायला आलेल्या परक्या गावच्या माणसांनाही दाखवलं. रुखमाबाई सगळं ऐकायची आणि दातावर दात धरून बसायची. आता तिचा पंचफुलेवर राग उरला नव्हता, पण ती बाई आणि तो गुलाबी पाय सहन होत नव्हता.

चौदाव्या दिवशी सकाळी जमनाबाईनं नेहमीप्रमाणे चादर वर केली. डावा पाय सुजला होता. कातडं काळसर पडून कडा सुटत होत्या, अगदी उजव्यासारख्याच.

जमनाबाईचं तोंड इतकं उतरलं की रुखमाबाईला सुद्धा बघवलं नाही. जिला दीड वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, तिच्या पाठीवर तिनं हात ठेवला. "इहीनबाई, तुमच्या मनात खोट नाई, मले ठाऊक हाय. त्या ठिपक्यायले माय-बाय काईच समजत नाई."

डॉक्टर आले, त्यांनी डावा पाय पाहिला आणि चक्क खुशीत आले. "पाहिलं? आईचं दोन-तीन दिवस जास्त टिकलं, कारण आईचं अर्धं तरी लेकीशी जुळते. पण गेलंच! तिकडं परदेशात तर मूत्रपिंड बदलून पाहताहेत. एका माणसाचं काढून दुसऱ्याला बसवायचं. सख्ख्या भावाचं बसवलं तरी याच पेशी जमा होतात अन् त्याचा निकाल लावतात. फक्त एकाच चेहऱ्याचे जुळे असले, तरच त्या गप्प राहतात. मोठमोठे डॉक्टर डोकं धरून बसले आहेत त्यांच्यापुढं. अन् तुम्ही इथं घुगऱ्यांचं टोपलं घेऊन बसल्या!"

मग जमनाबाईनं तो प्रश्न विचारला जो आधी कोणीतरी विचारायला हवा होता. "मंग टिकनारच नव्हतं, तं आमाले कापलं कायले?"

"अगं, उघड्या मांसावर झाकण पाहिजे होतं! हिच्या अंगात रक्त नव्हतं, हिची स्वतःची पाठ सोलली असती तर ही टेबलावरच गेली असती. तुमच्या कातड्यानं चौदा दिवस पाणी झिरपायचं थांबवलं. हिला जेवण लागलं, रक्त भरलं. त्यासाठीच लावलं होतं. मी पहिल्याच दिवशी डोमाजीला सांगितलं होतं ना, की दहा-पंधरा दिवसांत गळून पडेल, घाबरू नका म्हणून!"

सगळ्या माना डोमाजीकडे वळल्या. तो खिडकीशी उभा होता. तिथून पळायला वाट नव्हती.

"डोम्या," रुखमाबाईचा आवाज एकदम बारीक झाला, आणि तो बारीक झाला की डोमाजीला लहानपणापासून घाम फुटायचा. "तुले ठाऊक होतं?"

"आक्का... मले वाटलं, गयून पडणार म्हतलं तं तू देणार नाई. अन् तिले तं पाहिजे होतं."

"अन् तीन दिवसापासून लोक मले खोट्या मनाची म्हणून राह्यले, तवा?"

"तवा... तवा मले भेव वाटलं सांगायचं."

रुखमाबाईनं त्याला मारलं नाही. वार्डाची तशी अपेक्षा होती, पण नाही मारलं. "अरे येड्या," ती म्हणाली, "सकाळची भाकर संध्याकायी संपते, म्हणून मी तुले थापून देल्ली नाई काय इतके वर्सं?" आणि डोमाजी एवढा बाप्या माणूस, वार्डात सगळ्यांसमोर रडायला लागला.

पण पाय पुन्हा उघडे पडले होते. डॉक्टरांनी पंचफुलेचं रक्त तपासलं आणि म्हणाले, आता अगदी थोडं कमी आहे. अजून आठवडाभर झाकण मिळालं की तिच्याच पाठीचं कातडं काढून लावता येईल, आणि ते कायमचं राहील, कारण स्वतःच्या कातड्याला पेशी काही करत नाहीत. तो एक आठवडा मात्र काढायला हवा. आठवडा उघडे राहिले तर जखमेत पू होईल, आणि मग पाठीचंही लागणार नाही. पाय जातील, कदाचित बाईही.

जमनाबाईची मांडी वयामुळे अजून भरली नव्हती, तिची दुसरी कापायला डॉक्टर तयार नव्हते. डोमाजी स्वतः पुढे झाला, हात जोडून, पण त्याला दोन दिवसांपासून हिवतापानं धरलेलं, अंग चटके देत होतं. डॉक्टरांनी त्याला हात लावून परत बसवलं.

"माझी दुसरी मांडी हाय ना," रुखमाबाई म्हणाली.

"ऐक आधी. यावेळी मी डोमाजीला सांगत नाही, तुलाच सांगतो." डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "त्या पेशी विसरत नाहीत. तुझं कातडं त्यांनी एकदा पाहिलं आहे. दुसऱ्यांदा दिसलं की त्या ओळख पटवत बसणार नाहीत, थेट तुटून पडतील. मागं अकरा दिवस लागले, यावेळी पाच-सहा दिवसांत काढून फेकतील. तुझी मांडी महिनाभर ठणकणार, अन् हाती काही राहणार नाही."

रुखमाबाई ऐकत होती. "बाप्पा! मले वाटे, मीच धरून ठेवतो बारशातलं दीड-दीड वर्स. ह्या तं माह्याहून वस्ताद निंघाल्या." मग तिनं विचारलं, "सहा दिवस पुरतीन काय तिले?"

डॉक्टरांनी हिशेब केला. "पुरतील. सहाव्या दिवशी मी पाठीचं लावू शकतो."

"मंग बोलत काय बसले? काढा ना."

यावेळी दोन्ही पायांवर नणंद बसली. आणि हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात पंचफुला स्वतःच्या पायांनी यवतमाळच्या स्टँडवर एस.टी.त चढली. पाय थोडे आखडलेले, पण चालती. जमनाबाईनं खिडकीची जागा धरून ठेवली होती, तीही रुखमाबाईसाठी. हे सगळं पुढचं. पण गोष्ट तिथं संपत नाही, ती त्या सहाव्या दिवशीच्या सकाळी संपते.

त्या सकाळी डॉक्टर व्हरांड्यात रुखमाबाईला भेटले. "रक्त भरलं तिचं. आज दुपारी पाठीचं लावतो. तुझं काम झालं, बाई."

रुखमाबाई लंगडत लंगडत वार्डात आली. सत्यशीला पट्टी सोडायला खाटेजवळ उभी होती, आणि पंचफुलेनं दोन्ही हातांनी चादर घट्ट धरून ठेवली होती.

"आज राहू द्या ना सिस्टर, थोड्या वेळानं सोडा," ती सांगत होती. तेवढ्यात तिला रुखमाबाई दिसली. तिनं चादर आणखीच आवळली आणि तोंडभर हसली. "आक्का, यावेळी लागलं बरं का तुमचं! पक्कं लागलं. मले आतून कळते ना."

पट्टीखालून येणारा वास खाटेच्या पायथ्याशीही कळत होता. चादरीबाहेर राहिलेल्या घोट्यापाशी काळा पडलेला पापुद्रा सुटून लोंबत होता, तो पंचफुलेला दिसत नव्हता. रुखमाबाईला दिसत होता. या भावजयीला खोटं बोलताना तिनं आजवर किती वेळा पकडलं असेल, मिठावरून, दुधावरून, तोरड्यांवरून, आणि एकदाही सोडलं नव्हतं.

तिनं चादरीचं टोक खाली ओढून तो घोटा झाकला.

"लागनारच," ती म्हणाली. "मी देल्लं होतं ना." आणि पंचफुलेचा हात हातात घेऊन ती तिथंच खाटेवर बसून राहिली.